पिकतं तिथं विकत नाही

न्यूयॉर्कला लागून लाँग आयलंड नावाचं लांबलचक बेट आहे. तिथल्या मॅसापिक्वा या उपनगरातली तीन पोरं १९८० च्या उन्हाळ्यात लंडनला जाऊन थडकली. ब्रायन सेटझर, ली रॉकर आणि स्लिम जिम फँटम. तिघंही विशीच्या आगेमागे. बँडचं नाव ‘स्ट्रे कॅट्स’, म्हणजे भटकी मांजरं. नावाप्रमाणेच ते राहिले. ओळख नाही, खोली नाही, खिशात पैसे नाहीत. कधी बागेत, कधी रात्रभर चालणाऱ्या थिएटरात पाठ टेकायची आणि सकाळी काम शोधायला बाहेर पडायचं.

गंमत म्हणजे ते वाजवत होते ते संगीत शंभर टक्के अमेरिकन. रॉकबिली. १९५४ च्या जुलैत मेम्फिसच्या छोट्याशा सन स्टुडिओत एल्विस प्रेस्ली दोन साथीदारांबरोबर गायला. ड्रमसुद्धा नव्हता, दोन गिटार आणि एक डबल बास. कृष्णवर्णीयांचा ब्लूज आणि गोऱ्या खेड्यापाड्यांतलं कंट्री संगीत एकमेकांत असं मिसळलं की वेगळं करता येईना. पण हा बहर जेमतेम पाच-सहा वर्षांचा. एल्विस सैन्यात गेला. रॉकबिली गायक एडी कॉक्रन १९६० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर मोटार अपघातात गेला, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. अमेरिकेने नवा नाद धरला आणि रॉकबिली अडगळीत टाकली.

ती जपली इंग्लंडने. तिथल्या टेडी बॉइज म्हणवणाऱ्या शौकिनांनी लांब कोट, जाड तळव्यांचे बूट आणि जुन्या तबकड्या सोडल्या नाहीत. रेडिओवर खरंखुरं रॉक अँड रोल लावा म्हणून मे १९७६ मध्ये त्यांनी बीबीसीवर मोर्चा नेला. पाणी आणि रेशनसाठी निघालेले मोर्चे आपण पुष्कळ पाहिलेत. गाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

या कानसेनांनी मांजरांना घरात घेतलं. डेव्ह एडमंड्ससारखा जाणता निर्माता मिळाला. ‘रनअवे बॉइज’ आणि ‘रॉक धिस टाउन’ ही दोन्ही गाणी ब्रिटिश लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत चढली. इंग्लंडमध्ये दोन अल्बम निघाले तरी मायदेशी त्यांचा एकही प्रसिद्ध झाला नव्हता. शेवटी १९८२ मध्ये त्या दोन्हींतली गाणी निवडून ‘बिल्ट फॉर स्पीड’ अमेरिकेत आला आणि तब्बल पंधरा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर ठाण मांडून बसला. आपलंच गाणं अमेरिकेला लंडनचा शिक्का मारून घ्यावं लागलं.

टीकाकार तेव्हा म्हणाले, ही सगळी नक्कल आहे. कपाळावर केसांचा कोंबडा, दंडावर गोंदण, पन्नासच्या दशकातले कपडे. दुसरं आहे काय? नुसतं बघणाऱ्याला तसं वाटेल. एमटीव्ही नुकताच सुरू झाला होता आणि त्यांचं रूप पडद्यावर झकास दिसायचं, हेही खरंच. पण कान देऊन ऐकलं की ही टीका टिकत नाही.

ली रॉकरचा डबल बास घ्या. उजव्या हाताने तार ओढून सोडली की ती लाकडावर आपटते आणि ‘टक्’ वाजते. मधल्या जागेत तळहाताची थाप पडते. एकच माणूस सूरही देतो आणि ठेकाही. त्याचे वडील स्टॅनली ड्रकर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे प्रमुख क्लॅरिनेटवादक होते, त्यामुळे घरात शिस्तीचं संगीत रोजचंच. स्लिम जिम ड्रमच्या मोजक्याच तुकड्यांवर भागवतो आणि तेही उभ्याने, गायकाच्या रांगेत येऊन. सेटझर लहानपणी शाळेच्या बँडमध्ये युफोनियम हे पितळी वाद्य वाजवायचा, जॅझ ऐकत वाढला. म्हणून त्याच्या नारिंगी ग्रेच गिटारवर मधूनच असे जॅझचे स्वरसमूह येतात, जे मेम्फिसच्या त्या पहिल्या पोरांनी वाजवले नसते. वेग पंकच्या जमान्यातला, भूक स्वतःची. जुनं गाणं जसंच्या तसं वाजवणारे पुष्कळ असतात. हे तिघं ते आजचंच आहे अशा थाटात वाजवत. दोहोंतला फरक कुठल्याही मैफलीत पहिल्या मिनिटाला कळतो.

रूपावर भाळलेला बाजार मात्र लवकरच दुसऱ्या रूपाकडे वळला. १९८४ मध्ये बँड फुटला. पुढे अधूनमधून एकत्र येणं, पुन्हा पांगणं, असं चालू राहिलं. १९८७ च्या ‘ला बाम्बा’ चित्रपटात सेटझरने एडी कॉक्रनचीच भूमिका केली. नंतर त्याने स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला, ग्रॅमी मिळवली. बाकी दोघंही आपापल्या बँडमधून वाजवत राहिले. २०१९ मध्ये, सव्वीस वर्षांच्या खंडानंतर, याच तिघांचा नवा अल्बम आला. बँडला चाळीस वर्षं झाली म्हणून नावही ‘४०’. वाद्यं तीच, माणसं तीच, आणि साठीच्या उंबरठ्यावरही ठेका कुठे ढिला पडलेला नाही. २०२५ मध्ये मात्र सेटझरने जाहीर केलं की एका आजारामुळे आपल्याला गिटार वाजवता येत नाही.

आज चहा घेताना ‘रॉक धिस टाउन’ लावून बघा. पहिल्या खेपेला गायकाकडे लक्षच देऊ नका, फक्त डबल बास ऐका. घरात कुणी झोपलेलं असेल तर हेडफोन लावा. आवाज कमी ठेवून हे गाणं ऐकण्यात अर्थ नाही.