पुरुषाचं माहेर

मराठीत पुरुषाला सासुरवाडी आहे, पण माहेर नाही. तो आपला 'गावी' जातो. गावी त्याची वाट बघणारं कुणी उरलंय का, हे त्या शब्दावरून कळत नाही.

सप्टेंबर 1921 मध्ये चार्ली चॅप्लिन 9 वर्षांनी लंडनला गेला, तो असाच गावी गेला. वॉटर्लू स्टेशनात मुंगी शिरायला जागा नव्हती. मुक्काम रिट्झ हॉटेलात. तिथून तो गुपचूप बाहेर सटकला आणि टॅक्सी करून लंडनच्याच केनिंग्टन भागात पोचला. पाउनल टेरेसमधली पोटमाळ्यावरची खोली त्याला बघायची होती. पोरवयात आई आणि थोरला भाऊ सिडनी यांच्याबरोबर तो तिथं राहिलेला. अंथरुणात उठून बसलं की उतरतं छत डोक्याला लागायचं. आता तिथं कुणी म्हातारी बाई राहत होती.

वास्तविक ती खोली त्यानं हॉलिवूडमध्ये कधीच उभी करून टाकली होती. त्याच वर्षी आलेल्या 'द किड'मधला पोटमाळा आठवा. मग पुन्हा जिने चढून काय बघायचं होतं?

गरिबीची आठवण गोड असते, असं खाऊनपिऊन सुखी माणसं म्हणतात. चॅप्लिनला ते पटलं नसतं. 1896 साली, वयाच्या 7व्या वर्षी, आई हॅना आणि सिडनीसकट तो लॅम्बेथच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी गरीबखान्यात, दाखल झाला. पुढं मुलांना आईपासून तोडून हॅनवेलच्या शाळेत धाडलं. एकदा हॅनानं युक्ती केली. तिघांचीही नावं कमी करून घेतली, अंगावरचे कपडे परत मिळवले आणि मुलांना घेऊन केनिंग्टन पार्क गाठलं. सिडनीकडे 9 पेन्स होते. काळ्या चेरी घेतल्या, वर्तमानपत्राच्या बोळ्याचा चेंडू करून झेलाझेली खेळले, आणि संध्याकाळच्या चहाच्या वेळेला पुन्हा दाखल! अधिकारी चिडले, कारण सगळे सोपस्कार आणि कपडे वाफवणं नव्यानं आलं.

त्या दुपारचे साक्षीदार तिघंच. माहेर म्हणजे तरी काय? आपण कुणीच नव्हतो तेव्हा आपल्याला ओळखणारं माणूस जिथं असतं, ते. लंडनच्या गर्दीला मिशीवाला, काठीवाला चार्ली ठाऊक होता. चेरी खाणारा पोरगा ठाऊक नव्हता. माझ्या मते, तो पोटमाळ्यावर गेला तो साक्ष काढायला. पण भिंती साक्ष देत नाहीत. साक्ष देणारी हॅना तेव्हा तिथं नव्हती. मनानं खचलेल्या आईला लेकानं त्याच वर्षी, या प्रवासाच्या काही महिने आधी, अमेरिकेत आणलं होतं. सिडनीही अमेरिकेतच कामाला लागलेला.

लंडनहून तो पॅरिस करून बर्लिनला गेला. पहिल्या महायुद्धामुळे त्याचे चित्रपट तिथं पोचले नव्हते. तिथं त्याला फारसं कुणी ओळखलंच नाही. तिथं तो पुन्हा 'कुणीच नव्हता', पण तसा त्याला ओळखणारं माणूस तिथंही नव्हतं.




हॅना 1928 साली कॅलिफोर्नियात वारली. लंडनला ती पुन्हा कधी गेली नाही.