क्षमेचा पुनःप्रत्यय

मोत्सार्टचा 'फिगारोचे लग्न' हा विनोदी ऑपेरा १ मे १७८६ रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये प्रथम सादर झाला. सुरुवातीच्या प्रयोगांतच 'वन्समोअर'च्या मागण्या इतक्या वाढल्या की सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढले : एकाहून अधिक कंठांसाठी रचलेला कोणताही भाग यापुढे पुन्हा गायला जाणार नाही. गायकांची कीर्ती एकलगीतांवर अवलंबून असल्याने त्यांना मुभा राहिली. समूहरचनांना मनाई झाली. हेतू व्यावहारिक होता. प्रयोग फार लांबू नयेत, एवढाच. तथापि या फर्मानातून नकळत एक वेगळाच भेद सूचित होतो. एकट्याची भावना पुन्हा ऐकता येईल. माणसामाणसांत जे घडते ते मात्र एकदाच घडावे.

गृह-व्हिडिओने हा भेद पुसून टाकला. ज्या १९७६ साली व्ही.एच.एस. टेप जपानच्या बाजारात आली, त्याच साली जाँ-पिएर पॉनेल या दिग्दर्शकाने या ऑपेराचा चित्रपट केला. संगीतसंचालन कार्ल ब्योम यांचे. काउंटच्या भूमिकेत डीट्रिख फिशर-डिस्काउ, काउंटेस किरी ते कानावा, फिगारो हेर्मान प्राय आणि सुझान्ना मिरेला फ्रेनी. पुढे टेप आणि नंतर डिस्क या रूपांत तो रसिकांच्या घरी पोहोचला. टेपचे युग आता सरले आहे. पण थांबवण्याची, मागे नेण्याची, नको ते गाळण्याची जी सत्ता तिने प्रेक्षकाच्या हाती दिली, ती नंतरच्या सर्व माध्यमांनी कायम ठेवली. येथे एक नैतिक प्रश्न उद्भवतो. ज्या कलाकृतीचा कळस एका क्षमेत आहे, ती क्षमा हवी तेव्हा हवी तितक्यांदा पाहता येऊ लागली, तर तिचे क्षमापण उरते काय?

बोमार्शेच्या ज्या नाटकावरून दा पोन्ते याने ऑपेराची संहिता रचली, ते पॅरिसमध्ये १७८४ साली रंगमंचावर आले होते. कथा एका दिवसाची आहे. दासीच्या लग्नाआधी तिच्यावर धन्याचा असलेला 'हक्क' काउंट आल्माव्हिवाने जाहीरपणे सोडला आहे. सुझान्नाच्या बाबतीत मात्र तो चोरवाटेने त्याला परत हवा आहे. चौथ्या अंकात, रात्रीच्या बागेत, आपली पत्नी फिगारोच्या मिठीत सापडली या समजुतीने तो सर्वांना गोळा करतो. ती वस्तुतः काउंटेसच्या वेषातील सुझान्ना असते. सगळे क्षमा मागतात; तो पुनःपुन्हा नकार देतो. तेवढ्यात खरी काउंटेस सुझान्नाच्या वेषात पुढे येते. अंधारात आपण जिची आर्जवे केली ती आपलीच पत्नी होती, हे काउंटला उमगते. तो गुडघे टेकतो. लय मंदावते, संगीत जी मेजरमध्ये स्थिरावते. ती क्षमा करते आणि जमलेले सर्वजण तोच स्वर हलक्या आवाजात उचलून धरतात. मग लगेच द्रुत लयीत उत्सवाकडे धाव.

हॅना अरेंट हिने १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात क्षमेचा विचार मानवी कृतीच्या संदर्भात केला आहे. झालेली कृती परत घेता येत नाही. क्षमा त्या अपरिवर्तनीयतेतून माणसाला सोडवते. परंतु त्यासाठी क्षमा स्वतः अनपेक्षित, नवी कृती असावी लागते, आणि तिला दुसरा माणूस लागतो. स्वतःला क्षमा करता येत नाही. या कसोटीवर घरात पाहिलेली क्षमा दुहेरी उणी ठरते. ती अनपेक्षित नाही. आणि प्रेक्षागारातील त्या सामूहिक निःशब्दतेला, म्हणजे साक्षीलाही, ती पारखी झाली आहे. त्यातच पॉनेलच्या चित्रपटात गायन आधी ध्वनिमुद्रित झालेले आहे. काही एकलगीतांत तर पात्रांचे ओठही हलत नाहीत. क्षमेचा चेहरा एका काळातला, तिचा स्वर दुसऱ्या काळातला.

हा आक्षेप गंभीर आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे अपराध वगळून थेट शेवटच्या काही मिनिटांवर जाण्याची सोय. अशा प्रेक्षकाला एक अप्रतिम सुरावट मिळते. क्षमा मिळत नाही, कारण क्षमा करण्याजोगे काही त्याच्यासमोर घडलेलेच नसते. किर्केगार्डच्या 'पुनरावृत्ती' (१८४३) मधील कॉन्स्टँटिन जुना आनंद जसाच्या तसा मिळवण्यासाठी बर्लिनला परततो, त्याच नाट्यगृहात प्रहसन पाहायला जातो, आणि रिकाम्या हातांनी घरी येतो. सुखाची प्रत काढायला निघालेल्या प्रत्येकाची हीच गत होते.

तथापि आक्षेपाने एक गोष्ट गृहीत धरली आहे : मूळ क्षमा एकदाच घडते. ऑपेरा तसे सांगत नाही. दुसऱ्या अंकाच्या अखेरच्या समूहरचनेतही काउंट पत्नीची क्षमा मागतो आणि ती, काहीशा अनिच्छेने, करते. खोलीत कुणीतरी लपले आहे हा त्याचा संशय तेव्हा खराच असतो. केरुबिनो खिडकीतून उडी टाकून निसटला आहे एवढेच. म्हणजे ती पहिली क्षमा एका लपवाछपवीवर उभी आहे. क्षमा करणारीही तिथे पुरती निर्दोष नाही. संध्याकाळी हाच पुरुष पुन्हा क्षमा मागतो, तेव्हा सकाळच्या क्षमेचे काय झाले हे तिला पक्के ठाऊक असते.

नाट्यगृहात या दोन क्षणांमध्ये बराच वेळ गेलेला असतो. हसण्याच्या भरात पहिला क्षण विसरूनही जातो. टेप मागे नेणाऱ्याला ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. मग दिसते ते असे की दुसरी क्षमा पहिलीची नक्कल नाही. पहिलीत काउंटेस सुटका करून घेत होती. दुसरीत ती सर्व जाणून, सर्वांसमक्ष, देत आहे. बोमार्शेच्या १७९२ मधील तिसऱ्या नाटकाची माहिती असलेल्या प्रेक्षकाला तर पुढचेही ठाऊक असते : काउंटला दुसऱ्या स्त्रीपासून मुलगी आहे, आणि काउंटेसला केरुबिनोपासून मुलगा. आज क्षमा करणारीला उद्या क्षमा मागावी लागणार आहे. अरेंटच्या अर्थाने ही क्षमा अनपेक्षित आहेच; ती प्रेक्षकाला ठाऊक नसल्यामुळे नव्हे, तर काउंटच्या वागण्यातून ती कोणत्याही हिशेबाने निष्पन्न होत नसल्यामुळे. विसाव्यांदा पाहतानाही तो हिशेब जुळत नाही.

मराठी समीक्षेला 'पुनःप्रत्ययाचा आनंद' हा शब्दप्रयोग परिचित आहे. पुनरावृत्तीत वस्तू तीच येते. पुनःप्रत्ययात ती पुन्हा प्रतीत व्हावी लागते, आणि त्यासाठी पाहणाऱ्याकडून काही अपेक्षित असते. येथे ती अपेक्षा साधी आहे. मागे नेण्याची सत्ता वापरणाऱ्याने गाळण्याची सत्ता सोडावी. काउंटची लबाडी, बार्बरिनाशी त्याची सलगी, त्याचे निर्दय नकार, त्या नकारांवर आपल्याला येणारे हसू, हे सारे दरवेळी पुरते घडू द्यावे. हसू प्रत्येक वेळी थोडे विरळ होते, कारण नकार देणाऱ्याचा आंधळेपणा अधिक ओळखीचा वाटू लागतो. अशा प्रेक्षकाभोवती प्रेक्षागार नसले, तरी अखेरच्या त्या हलक्या समूहस्वराला त्याची साक्ष मिळते.

जोसेफच्या फर्मानाने समूहरचना पुन्हा गाऊ नये असे ठरवले, आणि नाट्यगृहापुरते ते शहाणपणाचेही असेल. परंतु एकत्र राहणाऱ्या माणसांना ती सवलत नसते. त्यांची क्षमा एका प्रयोगात संपत नाही. सकाळी केलेली संध्याकाळी पुन्हा करावी लागते, आणि दरवेळी ती पहिल्यापासून करावी लागते.