मागे फिरण्याची तयारी

अरण्यात पाहुणा म्हणून जाणाऱ्याने आपल्या हौसेची किंमत कोणाला मोजायला लावावी? झांबियाच्या सफरीचा बेत आखताना हा प्रश्न माझ्या पुढ्यात येऊन बसला आहे.

आफ्रिकेची ही आमची पहिलीच वारी. जून ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत निघायचे, दक्षिण लुआंग्वाच्या रानात पायी हिंडायचे आणि मग झांबेझी नदीत वल्ह्याच्या होडीने जायचे, असे ठरते आहे. लुआंग्वाच्या खोऱ्यात पायी सफारीचा पायंडा नॉर्मन कार यांनी पाडला. १९५० साली त्यांनी न्सेफू या तिथल्या प्रमुखांच्या संमतीने पाहुण्यांसाठी तळ उभारला आणि त्याची मिळकत स्थानिक लोकांना मिळेल, अशी व्यवस्था केली.

तिथे एकामागे एक चालायचे, बोलायचे नाही. सोबत बंदूकधारी रक्षक असतो. हे वाचून घरच्या मंडळींना धीर आला. मी मात्र अस्वस्थ झालो. पिल्लाच्या मायेने एखादी हत्तीण आमच्यावर धावून आली, तर अपराध तिचा नाही. तिच्या अंगणात शिरलो आम्ही. पण गोळी लागायची ती तिला!

मग घरीच बसावे काय? तसेही म्हणवत नाही. गेल्या शतकात चोरट्या शिकाऱ्यांनी या खोऱ्यातले गेंडे संपवले. पाहुण्यांच्या पैशाने रान राखायला हातभार लागतो. न जाणारा निर्दोष ठरतोच असे नाही.

वाट सापडली ती नदीवर. पाणघोड्याचा आसरा म्हणजे खोल पाणी. म्हणून जाणता नावाडी होडी उथळ काठाने नेतो आणि वल्ह्याने टकटक करून आपण आल्याची वर्दी देतो. यजमानाची वाट मोकळी ठेवायची, एवढीच ही रीत!

आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितले. त्यांनी विचारले, “अहो, पण हत्ती वाटेत उभा असला तर?”

“मागे फिरायचे.”

“एवढे पैसे भरून?”

खरी मेख इथेच आहे. पैसे भरले, की पुढे जाण्याचा हक्क मिळाला असे आपल्याला वाटू लागते. आणि वाटाड्यालाही पाहुण्याला नाराज करणे जड जाते. हत्तीणीने मात्र आपल्याकडून काहीच घेतलेले नसते. म्हणून सफर आखणाऱ्यांना लिहायच्या पत्रात “जनावर किती जवळून दिसेल?” हा प्रश्न मी ठेवलेला नाही. “तुमचा वाटाड्या किती अंतरावरून मागे फिरतो?” एवढेच विचारले आहे. उत्तर पटले, तरच तिकिटे काढायची.