जोडलेला कणा आणि मातृत्व

स्त्रीनें आई व्हावें कीं होऊं नये, हा प्रश्न आपल्या समाजांत सहसा विचारला जात नाहीं. त्याचें उत्तर ठरलेलेंच आहे अशी सर्वांची समजूत असते. परंतु एखाद्या मुलीच्या पाठीवर शस्त्रक्रियेचा लांब वण आहे असें कळलें, कीं हाच प्रश्न एकाएकीं सर्वांच्या तोंडीं येतो. हिला मूल होईल का? झालें तर हिच्या पाठीला तें पेलेल का? आणि ही गोष्ट आधीं सांगितली कां नाहीं? विशेष हें, कीं जिच्याविषयीं हे प्रश्न असतात तिला सोडून ते बाकी सर्वांना विचारले जातात. शल्यशास्त्रानें वांकलेला कणा सरळ करण्याची युक्ति शोधून काढली. त्या कण्याकडे पाहणारी आमची दृष्टि तितकी सरळ झाली आहे काय, याचा थोडा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. पाठीचा कणा एका अंगास वांकून पिळल्यासारखा होतो, त्या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. वयांत येण्याच्या सुमारास शंभरांतील दोन-तीन मुलांत तो कमीअधिक प्रमाणांत आढळतो, आणि बहुतेकांच्या बाबतींत त्याचें निश्चित कारण सांपडत नाहीं. पुष्कळांचा बांक इतका अल्प असतो कीं त्यावर नुसतें लक्ष ठेवलें तरी पुरतें. परंतु जो बांक वाढत वाढत ४५ ते ५० अंशांपलीकडे जातो आणि ज्यासाठीं शस्त्रक्रिया सुचवावी लागते, तो मुलग्यांपेक्षां मुलींत कितीतरी अधिक आढळतो. या शस्त्रक्रियेंत मणक्यांमधील सांधे खरवडून त्यांवर हाडाचे तुकडे पसरतात. मोडलेलें हाड जसें सांधून येतें, तसे ते मणके कालांतरानें मिळून एकच अखंड हाड बनतें. तोंवर त्यांना धरून ठेवण्यास धातूच्या सळ्या व स्क्रू बसवितात. १९११ सालीं न्यूयॉर्क येथील हिब्झ व आल्बी या दोघां शल्यवैद्यांनीं क्षयानें पोखरलेले मणके जोडण्याच्या आपापल्या रीती प्रसिद्ध केल्या. पुढें टेक्सासमधील ह्यूस्टन येथें, पोलिओनें कणे वांकलेल्या मुलांवर उपचार करतां करतां, पॉल हॅरिंग्टन यांनीं पोलादी सळीची योजना सिद्ध केली व १९६२ सालीं ती जगापुढें मांडली.

ही सनावळी येथें देण्याचें कारण एवढेंच, कीं जोडलेल्या कण्याची माता ही कांहीं कालपरवांची नवलाई नव्हे. हॅरिंग्टन यांच्या काळांत ज्या मुलींच्या पाठींत सळी बसली, त्या आज आजीच्या वयाच्या आहेत. तेव्हांपासूनचा वैद्यांचा अनुभव असा, कीं अशा बहुतेक स्त्रियांचें गर्भारपण सुखरूप पार पडतें. पक्का जोडला गेलेला भाग पोटांतील ओझ्यानें सहसा पुन्हां वांकूं लागत नाहीं. मूल ज्या वाटेनें जगांत येतें ती ओटीपोटाच्या हाडांची वाट या शस्त्रक्रियेंत बहुधा अस्पर्शच राहते. म्हणून केवळ कणा जोडला आहे एवढ्याच कारणासाठीं सिझेरियन करावें लागतें असें नाहीं. अडचणी आहेत, त्या निराळ्या. शस्त्रक्रियेनंतर सुमारें वर्षभर थांबावें, हाड पक्कें होऊं द्यावें, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. बांक फार मोठा असून त्यानें छाती आंवळली गेली असेल, तर श्वासाची व हृदयाची परीक्षा आधींच करून घ्यावी लागते. पाठदुखी तर निरोगी गर्भिणींनाहि चुकत नाहीं; येथें मात्र वरचा भाग ताठ असल्यामुळें वाढत्या पोटाचा सारा तोल खालच्या मोजक्या मोकळ्या मणक्यांना सांभाळावा लागतो.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट कळा थांबविण्याच्या सुईची आहे. एपिड्यूरल या नांवानें जी सुई देतात, ती कमरेच्या पांच मणक्यांपैकीं तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पांचव्या मणक्याच्या मधल्या फटींतून आंत जाते. जोडकाम त्याच्या वरच थांबलें असेल तर ती फट मोकळी असते व अडचण थोडी येते. तें खालपर्यंत आलें असेल तर फटीच्या जागीं हाड असतें, आंत वण असतो, औषध सारखें पसरत नाहीं, आणि एक अंग बधिर होऊन दुसरें दुखत राहण्याचा संभव असतो. तेव्हां पाठीवरचा वण दोघींचा सारखा दिसला, तरी दोघींची स्थिति अगदीं भिन्न असूं शकते. कोणता मणका कोणत्या मणक्यापर्यंत जोडला आहे, हें ज्या कागदावर लिहिलेलें असतें तो कागद आणि ती जुनी क्ष-किरणांची छबी भूलतज्ज्ञाच्या हातीं वेळेवर पडली, तर तो शांतपणें दुसरी योजना आंखूं शकतो.

नीतीचा प्रश्न उभा राहतो तो नेमका या कागदापाशीं. कारण आमच्याकडे पुष्कळ घरांत हा कागद कपाटाच्या तळाशीं गेलेला असतो. हजार खोटें बोलावें पण एक लग्न जमवावें, ही आमच्या लोकांची जुनी शिकवण. तिला अनुसरून मुलीचें 'ऑपरेशन' हा शब्द घरांतून हद्दपार होतो. पदर खांद्यावरून घ्यावयाचा, पाठ झांकणारी चोळी शिवावयाची, वाकतांना जपावयाचें. असें करणाऱ्या आईबापांस आम्ही दुष्ट म्हणणार नाहीं. ज्यांनीं कर्ज काढून, देव पाण्यांत घालून मुलीचा कणा सरळ करून घेतला, त्यांनाच तिचें सुख नको असेल असें कोण म्हणेल? परंतु लपविलेली गोष्ट लग्नाच्या मांडवांत संपत नाहीं. जें सासूपासून लपविलें तें सासूच्या देखत डॉक्टरांस सांगावयाचें कसें? मग तें डॉक्टरांपासूनहि लपतें, निदान उशिरां कळतें. आणि ऐन कळांच्या वेळीं, मध्यरात्रीं, भूलतज्ज्ञ पाठीवर हात फिरवितो तेव्हां घरांतील गुपित त्याच्या बोटांस लागतें. त्या क्षणीं असत्याचें मोल, तें ज्यांनीं सांगितलें ते देत नाहींत. जिच्यासाठीं सांगितलें ती देते.

तथापि सत्य सांगण्याचा उपदेश एकट्या मुलीच्या घरास करणें हा अर्धाच न्याय होय. सत्य सांगितल्याबरोबर जेथें स्थळ परत जातें, तेथें सत्य सांगणाऱ्यावर दंड बसविला जातो, आणि दंडाच्या भीतीनें लोक खोटें बोलले तर त्याचा दोष दंड बसविणाऱ्यांवरहि येतो. सांगण्याचें कर्तव्य एका पक्षाचें असेल, तर सभ्यपणें ऐकून घेण्याचें कर्तव्य दुसऱ्या पक्षाचें आहे. ज्याच्याशीं जन्माची गांठ बांधावयाची त्याला संमतीपूर्वीं ही गोष्ट कळलीच पाहिजे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण कळण्याचा अधिकार निराळा आणि परवानगी देण्याचा अधिकार निराळा. पहिला त्याचा आहे. दुसरा कोणाचाच नाहीं.

भागवतांतील कुब्जा मथुरेच्या राजमार्गावर, सर्वांच्या देखत सरळ झाली. तिची पूर्वीची स्थिति साऱ्या नगरास ठाऊक होती, म्हणून तिला लपविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. आमच्या काळांतील एक उदाहरण याच्याशीं ताडून पाहण्यासारखें आहे. ब्रिटिश राजघराण्यांतील युजीनी हिच्या कण्यावर २००२ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, शस्त्रक्रिया झाली. २०१८ च्या ऑक्टोबरांत विंडसर येथें तिचा विवाह झाला, तेव्हां तिनें पाठ उघडी राहील असाच पोषाख मुद्दाम निवडला आणि डोक्यावरून जाळीहि घेतली नाहीं; शस्त्रक्रियेचा वण जगानें पाहावा अशी तिची इच्छा होती. पुढें २०२१ व २०२३ सालीं तिला दोन मुलगे झाले. राजकन्येस जें सोपें तें चाळींतल्या मुलीस सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. तिचा विवाह कोणाच्या पसंतीवर अडून नव्हता. परंतु लाज वणांत नसून पाहणाऱ्याच्या नजरेंत असते, एवढें तरी त्या उघड्या पाठीवरून सर्वांनीं शिकण्यास हरकत नाहीं.

आतां एका गंभीर आक्षेपाचा विचार करूं. हा विकार घराण्यांत उतरतो; आईला असेल तर मुलांत तो आढळण्याचा संभव इतरांपेक्षां अधिक असतो. मग जाणूनबुजून असा वारसा पुढें देणें योग्य काय, असें विचारणारे लोक आहेत. आम्हांस हा प्रश्न फोल वाटत नाहीं. पण तो या एकाच स्त्रीस कां विचारावा, हें समजत नाहीं. मधुमेह घराण्यांत उतरतो, दमा उतरतो. त्या घरांतील मुलग्यांना कोणी 'बाप होऊं नकोस' असें सांगतो काय? शिवाय संभव म्हणजे निश्चिति नव्हे. आणि जन्मास आलेल्या मुलीच्या पाठीस बांक दिसूं लागलाच, तर तो लवकर ओळखणारी, पट्ट्याचा कंटाळा व शस्त्रक्रियेची भीति स्वतः अनुभवलेली आई तिला लाभेल. हा वारसाहि हिशेबांत धरला पाहिजे.

दुसरी एक समजूत अधिक सौम्य, पण तितकीच जाचक आहे. कळा सोसल्या तीच खरी आई, असें आमच्याकडे अजूनहि मानलें जातें. त्यामुळें जिला सुई लागूं पडली नाहीं तिला 'पूर्वीच्या बायका सोसत नव्हत्या काय?' असें ऐकावें लागतें, आणि जिला पूर्ण भूल देऊन सिझेरियन करावें लागलें, व जी बाळाचा पहिला टाहो ऐकूं शकली नाहीं, तिच्या मनांत आपण कांहीं चुकवलें अशी रुखरुख राहते. वेदना हें मातृत्वाचें शुल्क नव्हे. शरीरावर मोठी शस्त्रक्रिया सोसून, त्याच्या मर्यादा ओळखून, जी त्याच शरीरावर दुसऱ्या जीवाचा भार घेण्यास तयार होते, तिच्या धैर्याची परीक्षा कळा मोजून घ्यावयाची नसते.

मग निर्णय कोणी करावा? वैद्यानें संभव सांगावेत. पतीनें आपलें मन मोकळें करावें, कारण मूल दोघांचें असतें. वडील माणसांनीं विचारल्यास सल्ला द्यावा. परंतु ज्या कण्यावर तो भार पडावयाचा तो कणा जिचा आहे, शेवटचा शब्द तिचाच असला पाहिजे. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं पहिल्या शस्त्रक्रियेचा निर्णय तिचा नव्हता; तेव्हां ती तेरा-चौदा वर्षांची होती आणि कागदावर सही वडिलांनीं केली. तें योग्यच झालें. पण म्हणून तिच्या शरीराविषयींच्या दुसऱ्या मोठ्या निर्णयावरहि दुसऱ्यांनींच सही करावी असें ठरत नाहीं. आणि हा शब्द तिचा आहे असें एकदां म्हटलें, कीं तो 'हो' असावा असाहि आग्रह धरतां येत नाहीं. सर्व कांहीं अनुकूल असतांनाहि तिनें 'मला पुन्हां माझ्या पाठीची परीक्षा नको' असें म्हटलें, तर तो भित्रेपणा नव्हे. 'आतां वैद्य हो म्हणतात ना, मग अडलें कोठें?' हें बोलणेंहि पूर्वीच्या मनाईइतकेंच तिच्यावर अन्याय करणारें आहे.

सारांश, या प्रश्नापैकीं वैद्यकाच्या वांट्यास जें आलें त्याचें उत्तर वैद्यकानें पुष्कळ अंशीं दिलें आहे, आणि तें आशेचें आहे. उरलेला भाग घराघरांनीं सोडवावयाचा आहे, आणि त्यास फार मोठ्या तत्त्वज्ञानाची गरज नाहीं. कपाटाच्या तळचा कागद वर काढावा. तो त्या मुलीच्या स्वाधीन करावा. आणि पुढें तिनें तो कोणास दाखवावा, केव्हां दाखवावा व त्यावरून काय ठरवावें, हें तिच्यावर सोंपवावें. मुलीचा कणा ताठ व्हावा म्हणून ज्यांनीं इतकें सोसलें, त्यांनीं तिला ताठ उभें राहूं देण्यास कां कचरावें?