नित्य आणि काम्य

वैद्याने सांगितलेले पथ्य मनुष्य का पाळीत नाही? ते ठाऊक नसते म्हणून, असे म्हणवत नाही. धर्म जाणूनही तिकडे प्रवृत्ती होत नाही, ही दुर्योधनाच्या नावावर सांगितली जाणारी कबुली आपणा सर्वांचीच आहे.

गतवर्षी माझ्या वडिलांस मधुमेह असल्याचे निदान झाले. पेढे बंद करावेत आणि रोज अर्धा तास चालावे, अशी डॉक्टरांची आज्ञा झाली. पुजाऱ्याने प्रसाद नाकारावा कसा, हा त्यांचा प्रश्न! मी त्यांना पुष्कळ उपदेश केला. त्याच सुमारास मीही रोज १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प सोडला होता. तो चौथ्या दिवशी मोडला, हे मात्र त्यांना सांगितले नाही. त्यांना ते ठाऊक होतेच.

मीमांसकांनी कर्माचे नित्य आणि काम्य असे भेद केले आहेत. काम्य कर्म फलासाठी असते, म्हणून ते सर्व अंगांसह व्हावे लागते. उणे राहिले तर फळ नाही. नित्य कर्म यथाशक्ती केले तरी चालते, पण ते टाळता येत नाही. माझे नमस्कार काम्य होते. एके दिवशी साठच झाले आणि मनाने निवाडा दिला की, व्रत भंगले, आता पुढच्या महिन्यात पाहू. आळस असा परिपूर्णतेचा कैवार घेऊन येतो.

ज्वर असला की वडिलांना षोडशोपचार पूजा जमत नाही. तेव्हा ते गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य या पाच उपचारांवर पूजा आटोपतात. पूजा चुकल्याचे मात्र मला आठवत नाही.

आपल्या हैदराबादेत काही वर्षे चित्रकार म्हणून राहिलेले पं. सातवळेकर पुढे ज्यांच्या औंधास जाऊन राहिले, ते राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) आधी सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत. १९०८ च्या सुमारास त्यांनी सूर्यनमस्कार धरले व पुढे संस्थानच्या शाळांतही चालू केले. नमस्कारांची फळे त्यांनी पुष्कळ वर्णिली आहेत, हे खरे. तथापि मंत्रोच्चारासह उपासनेत बसविल्यामुळेच ते टिकले असावेत, असे मला वाटते. उपासनेच्या वेळी ‘आज करू की नको’ हे मन विचारीत नाही.

यथाशक्तीच्या नावाखाली मनुष्य दोन नमस्कारांवर कायमचा निजेल, असा आक्षेप येईल. ज्वर कोणता आणि आळस कोणता, हे ज्याचे त्याला कळते. न कळल्याचे सोंग फार दिवस टिकत नाही. पेढ्याची गोष्ट मात्र वेगळी. तो निषेध आहे, आणि निषेधात यथाशक्ती चालत नाही.

हल्ली वडील प्रसाद म्हणून तुळशीपत्र घेतात. सायंकाळच्या आरतीनंतर वहाणा चढवून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. पायांत कळ असेल त्या दिवशी कोपऱ्यापर्यंतच. मी बारा नमस्कार घालतो. काल सहाच झाले.