शिवणीतली माया

सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बापा. ही म्हण महाराष्ट्रात कोणी ऐकली नाही असे होणार नाही. लोक ती हसत हसत म्हणतात, आणि त्या जातीधंद्यातले लोक ती मुकाट्याने ऐकून घेतात. परंतु वारकऱ्याने ही म्हण जरा थांबून ऐकावी, अशी आमची विनंती आहे. सोनार म्हटले की आमच्यापुढे नरहरी सोनार उभे राहतात. शिंपी म्हटले की नामदेवराय. आणि कुलकर्णी म्हटले की राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे महिपतीबुवा, ज्यांनी शके १६८४ साली भक्तविजय लिहून या सगळ्या संतांच्या कथा घरोघर पोचवल्या. लोकांनी ज्या तिघांची संगत नको म्हटली, नेमकी त्या तिघांचीच संगत पंढरीनाथाने धरली! याला काय म्हणावे?

म्हण अगदीच खोटी आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. वाचकहो, या तिन्ही धंद्यांत एक गोष्ट सारखी आहे. गिऱ्हाइकाचा माल कारागिराच्या हाती जातो आणि मग गिऱ्हाइकाला तो दिसेनासा होतो. सोन्याचा कीस मुशीत किती राहिला, कुलकर्ण्याच्या दप्तरात रेघ कुठून कुठे गेली, आणि अडीच मीटर कापडातले किती अंगावर आले व किती फळकुटाखाली राहिले, हे पाहणारा तिथे कोण असतो? पाहणारा नसतो तिथे जे घडते, त्यालाच मनुष्याचा खरा धर्म म्हणावे. पाहणाऱ्यासमोर तर सगळेच सज्जन असतात.

सोनार आणि कुलकर्णी आज बाजूला ठेवू. आज आम्हांला शिंप्याविषयी, त्यातही कापड बेतणाराविषयी बोलायचे आहे. शिवणारा वेगळा आणि बेतणारा वेगळा. नगरच्या कापडबाजाराच्या आसपास किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी बऱ्यापैकी दुकानात गेलात, तर मशीनवर दोघेतिघे बसलेले दिसतील. पण टेबलापाशी गळ्यात टेप अडकवून, हातात खडू घेऊन उभा असतो तो एकटाच. त्याला कटिंग मास्तर म्हणतात. तो बसत नाही, कारण बसून कापड बेतता येत नाही. (जिल्ह्याचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले आहे. चौंडीला जन्मलेल्या आणि महेश्वरला विणकर वसवून तिथल्या लुगड्यांना नाव मिळवून देणाऱ्या अहिल्यामातेचे नाव कापडाच्या गोष्टीत शोभून दिसते, तरी जुन्या सवयीने तोंडात नगरच येते.)

बेतणे हा शब्द किती चांगला आहे पाहा. मनात योजना केली की आपण म्हणतो बेत केला. शिंपीही कापडावर बेतच करतो. आधी तो पन्हा पाहतो. कापडाला उभा ताणा कुठे आणि आडवा बाणा कुठे हे बोटांनी ताणून पाहतो. विजारीचा पाय ताण्याला सोडून तिरका बेतला, तर शिवताना काही कळत नाही. दोन धुण्यांनंतर मात्र पाय पिळवटतो आणि बाजूची शिवण पुढे येते. सुती कोरे कापड पाण्यातून काढल्याशिवाय बेतले, तर पहिल्या पाण्याला सदरा आखूड होतो. पट्ट्यापट्ट्यांचे कापड असेल तर खिशाचा पट्टा छातीच्या पट्ट्याशी जुळला पाहिजे, आणि त्यासाठी कापड जास्त जाते. मखमलीची लव एकाच बाजूला वळलेली असते, म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने मांडावे लागतात. हे सगळे डोक्यात धरून तो खडूने रेघा ओढतो आणि मग कातर उचलतो. शिवण चुकली तर उसवता येते, टाका पुन्हा घालता येतो. कातर चालली की मागे फिरता येत नाही. म्हणून जाणता मास्तर एकदा कापायच्या आधी दोनदा मोजतो. घाईच्या दिवसांतही मोजतो.

मोजण्यावरून नरहरी सोनारांची कथा आठवते. विठ्ठलाच्या कमरेचा करगोटा घडवायचा होता. नरहरी कट्टर शिवभक्त, देवळात पाऊल टाकीनात. सावकाराने माप आणून द्यावे आणि यांनी घरी बसून घडवावे, असे ठरले. करगोटा एकदा आखूड झाला, एकदा लांब झाला. कारागिराचा हात चुकला नव्हता. दुसऱ्याने आणलेल्या मापावर काम केले म्हणून हे झाले. अखेर डोळ्यांना पट्टी बांधून ते गाभाऱ्यात गेले. स्वतःच्या हाताने कंबर चाचपली, तर हाताला शंकराची लक्षणे लागली. पट्टी काढली तर समोर विठ्ठल! पुन्हा पट्टी बांधली, तर पुन्हा शंकर. तेव्हा भेद गळाला. कीर्तनकार या कथेत हरिहरांचे ऐक्य सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण कारागिराच्या कानाने ऐकली तर तीत आणखी एक गोष्ट सापडते. ज्याच्यासाठी काम करायचे, त्याच्या अंगाला हात लागल्याशिवाय माप येत नाही.

आता नामदेवराय. शके ११९२ चा जन्म. दामाशेटी आणि गोणाई यांचे पोर. धंद्यात लक्ष नाही म्हणून घरात रोज कटकट. कापड विकायला बाजारात पाठवले, तर धोंड्यांनाच गिऱ्हाईक समजून उधारीवर देऊन आले, अशी कथा आहे. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने शिंपी कच्चाच म्हणायचा! परंतु हाच शिंपी पुढे पंजाबपर्यंत गेला, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिला, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्याची ६१ पदे विराजमान झाली. त्यांतल्या एका पदात त्याने आपल्या धंद्याची हत्यारे, गज आणि कातर, नामस्मरणाच्या कामाला लावली आहेत. एवढा हिंडला, एवढा मोठा झाला, परंतु देवाशी बोलताना दुकानातलीच भाषा तोंडी आली. धंदा टाकून भक्ती करावी लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी याचा विचार करावा.

आणि हो, शिंप्याचे माप कुंभाराने घेतले, ती कथा विसरून चालणार नाही. संतमेळ्यात गोरोबाकाका थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले. बाकीच्यांनी सोसले, नामदेवराय रागावले. मडके कच्चे निघाले! जन्मभर दुसऱ्यांना मापे घालणाऱ्या घरातल्या माणसाला स्वतःचे माप घेऊ देणे जड गेले. पण पुढचे महत्त्वाचे आहे. निकाल ऐकून ते रुसून बसले नाहीत. औंढ्या नागनाथाला जाऊन विसोबा खेचरांचे पाय धरले.

आता ज्या शब्दासाठी एवढे लिहिले, तो सांगतो. कापड बेतताना मास्तर अंगाच्या मापाइतकेच कापत नाही. शिवणीच्या आत चार बोटे, दोन बोटे, निदान एक बोट जास्तीचे कापड ठेवतो. ते बाहेरून दिसत नाही. त्याला आपल्या मराठीत माया म्हणतात. पोराच्या सदऱ्यात माया ठेवली आहे ना, असे आई दुकानात विचारते. पोर वाढले की शिवण उसवायची, मायेतले कापड बाहेर काढायचे आणि तोच सदरा आणखी एक वर्ष घालायचा.

वेदान्ती म्हणतात माया टाका. आई म्हणते माया ठेवा. दोघेही मायाच म्हणतात! शब्दाचे हे अर्थ एकमेकांशी भांडतात असे वरवर वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. वेदान्तातली माया म्हणजे जे नाही ते आहे असे भासणे. शिवणीतली माया बरोबर उलटी. ती आहे, पण दिसत नाही. जे दिखाऊ ते टाकावे आणि जे झाकलेले, दुसऱ्याच्या वाढीसाठी राखलेले, ते ठेवावे, असा अर्थ घेतला तर आईचे आणि वेदान्त्याचे भांडण उरत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक वारकऱ्यांना पाठ असतो. जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावी तसा आत्मा देह बदलतो, असा तिथला दृष्टांत आहे. हे देहाचे वस्त्र ज्या मास्तराने बेतले, त्याने त्यात केवढी माया ठेवली आहे! लहानपणचेच कातडे म्हातारपणापर्यंत पुरते.

आता थोडे कडू बोलावे लागेल. हल्ली तयार कपड्यांचे कारखाने झाले. सोलापूरसारख्या ठिकाणी शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा चालतो, आणि आपल्या जिल्ह्यातली पोरेही पुण्यामुंबईकडे कटिंगच्या कामाला जातात. तिथे लांबच लांब टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरतात, वर फर्म्याच्या खुणांचा कागद ठेवतात आणि विजेच्या कातरीने सगळे थर एकदम कापतात. एका सदऱ्यात चूक झाली तर एक गिऱ्हाईक रागावते. इथे चूक झाली तर शेकडो सदरे वाया जातात. काम जोखमीचे, दिवसभर उभ्याने, आणि सुरी हाताजवळ. लोखंडी जाळीचा हातमोजा दिलेला असला तरी घाईत कोणी घालतो, कोणी घालत नाही. शिवाय मोजायला समोर माणूस नाही. लहान, मध्यम, मोठा, एवढीच मापे. नरहरींसारखेच दुसऱ्याने आणलेले माप!

अशाच एका कारखान्यात काम करणारा एक वारकरी आम्हांला भेटला होता. त्याचे दुखणे वेगळेच होते. तो म्हणाला, "महाराज, पोरांच्या गणवेशात शिवणीला बोटभर माया असायची. मालकाने नवा फर्मा आणला. आता मशीनच्या टाक्याला लागेल तेवढीच राहते. प्रत्येक सदऱ्यामागे चिमूटभर कापड वाचते, हजारात मोठी बचत होते. पण पोर वाढलं की काय? गरिबाच्या आईनं उसवायचं काय? कातर माझ्या हातानं चालते. हे पाप कुणाचं?"

याला झटपट उत्तर देणे सोपे आहे. नोकरी सोड, असे व्यासपीठावरून कोणीही सांगेल. महिपतीबुवांचे उदाहरणही हाताशी आहे. पूजेत असताना सरकारी बोलावणे आले, शिपायाने दटावले, म्हणून कचेरीत जाऊन आले आणि लेखणी खाली ठेवून म्हणाले की आता ही देवासाठीच, अशी कथा सांगतात. परंतु त्या मुलाच्या घरी म्हातारी आई आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे. ज्याच्या चुलीवर दुसऱ्या कोणाचा हात नाही, त्याला कातर खाली ठेव म्हणण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही. फर्मा मालकाचा आहे आणि त्याचा जाब मालकानेच द्यायचा आहे. आम्ही त्याला एवढेच म्हणालो की, मालकाला एकदा तोंडावर सांगून पाहा. शांतपणे सांग, आकडा धरून सांग. ज्या शाळेचा गणवेश आहे त्या शाळेने मागणी करतानाच माया मागितली, तर मालक नाही म्हणणार नाही, कारण त्यालाही गिऱ्हाईक हवे आहे. आणि जे तुझ्या हातात आहे ते सोडू नकोस. विरलेला, डाग पडलेला पट्टा थरात तसाच दडपू नकोस. घाईसाठी ताण्याला सोडून तुकडे तिरके बसवू नकोस. तो सदरा घालणारे पोर तुला कधी दिसणार नाही. अठराव्या अध्यायात माउलींनी स्वकर्माला पूजेच्या फुलांची उपमा दिली, आणि ती याच जिल्ह्यात, नेवाशाच्या खांबापाशी दिली. तिथे त्यांनी फुले कोणत्या धंद्याची, हे काही सांगितले नाही.

त्याने आमचे ऐकले की नाही हे पुढे कळायचे आहे. शाळा चालवणाऱ्या मंडळींनी मात्र हे वाचावे. भाव ठरवताना दोन रुपये कमी करून घेतले म्हणून समाधान मानता, तेव्हा ते दोन रुपये पोराच्या शिवणीतून गेलेले असतात.

जेठ लागला की गावोगावच्या शिंप्यांकडे वारीची कामे येतात. बंड्या, टोप्या, वीणेची गवसणी, पखवाजाची खोळ. बंडीला आतून चोरखिसा लावतात. नाव चोरखिसा, पण तो लावायचा चोरापासून वाचण्यासाठी! पताका बेतायची सर्वांत सोपी. लांबट चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला की दोन पताका होतात आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. मात्र तिरकी कापलेली कड उरेब असते. ती ताणते, सुटते, वाऱ्याने लवकर फाटते. म्हणून त्या कडेला दुहेरी दुमड घालून शिवण मारायला आपल्या शिंप्याला सांगावे, नाहीतर निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर नगर ओलांडून मिरजगावला पोचेपर्यंत दोरे लोंबू लागतात.

आणि कात्रणे. पूर्वी पुष्कळ शिंपी कपड्याबरोबर उरलेल्या तुकड्यांची पुरचुंडीही बांधून देत. ठिगळाला त्याच रंगाचे कापड मिळे, आणि उरलेल्याची गोधडी होई. अजूनही काही दुकाने देतात. देत नसतील तर मागावी, आणि शिंपीदादांनी न मागता द्यावी. दिंडीच्या मुक्कामात अशा शंभर घरांच्या तुकड्यांची गोधडी अंथरलेली आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. तिच्यावर झोपलेल्या म्हातारीला कोणता तुकडा कोणाच्या सदऱ्यातला, हे बोट ठेवून सांगता येते.