जुनें यंत्र आणि नवे अवयव

एकादी वस्तु 'तीच' आहे असें आपण केव्हां म्हणतों, हा प्रश्न आपल्याकडील शास्त्रकारांना फार पूर्वींपासून छळीत आला आहे. वस्त्रांतील एक धागा ओढून काढला, तर जुनें वस्त्र नष्ट झालें व त्याच्या जागीं एक नवें 'खंडपट' उत्पन्न झालें, असें नैयायिक निःसंकोचपणें सांगत. आणि बौद्ध पंडित तर त्याहूनहि पुढें जाऊन, अवयवांवांचून निराळा असा 'अवयवी' मुळीं आहेच कोठें, असें विचारीत. नागसेनानें मिलिंद राजाला रथाचा दाखला देऊन निरुत्तर केलें, ती कथा आमच्या वाचकांस परिचित असेलच. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, जूं म्हणजेहि रथ नव्हे. मग रथ कोणता? तिकडे ग्रीसमध्यें थीसियसच्या जहाजाच्या कुजक्या फळ्या एकेक करून बदलल्या गेल्या, तेव्हां अथेन्सच्या तत्त्वज्ञांत हाच वाद माजला, असें प्लुटार्क लिहून ठेवतो. हा वाद आतां केवळ पाठशाळेंतला राहिलेला नाहीं. मोटारसायकल उघडून बसलेल्या हौशी मालकाच्या पडवींत तो हल्लीं रोज चालतो, आणि तेथें त्यास पैसा, प्रेम व क्वचित् प्राण यांचीहि जोड मिळालेली आहे.

जपानच्या होंडा कंपनीनें १९६९ सालीं 'सीबी ७५०' नांवाची मोटारसायकल बाजारांत आणली. चार सिलिंडरांचें ७३६ घनसेंटिमीटरांचें इंजिन, ६७ अश्वशक्ति, ताशीं सुमारें १२० मैलांची धांव आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, असा थाट तोंपर्यंत बहुतेक शर्यतीच्या गाड्यांनाच शोभे. तो सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं पडला आणि इंग्रज कारखानदारांचें धाबें दणाणलें. त्या गाडीनें आतां पन्नाशी ओलांडली आहे. अमेरिकेंत व युरोपांत तिचे कित्येक मालक असें करतात कीं, अपघातांत सांपडलेली एकादी अलीकडची सुझुकी जीएसएक्स-आर मोडींत विकत घ्यावयाची, तिचा पुढचा फोर्क, चाक व ब्रेक सबंध उचलावयाचे, आणि ते जुन्या होंडाच्या मानेवर बसवावयाचे. मूळच्या फोर्कची नळी ३५ मिलिमीटर जाडीची. नव्याची बहुधा ४३ मिलिमीटर, आणि तोहि उलटा, म्हणजे जाड नळी वर व बारीक खालीं. मूळचें पुढचें चाक १९ इंची व अरुंद टायरचें; नवें १७ इंची व रुंद टायरचें. एका डिस्कच्या जागीं दोन. गाडी थांबूं लागते ती अशी, कीं जुना स्वार चकित व्हावा.

ह्या उद्योगाला कोणी सुधारणा म्हणतात, कोणी विटंबना म्हणतात. सुधारक आणि सनातनी हे दोन पक्ष महाराष्ट्राला नवे नाहींत. मोटारसायकलीहि त्यांतून सुटल्या नाहींत एवढेंच.

सनातन्यांचें म्हणणें आम्ही प्रथम घेतों, कारण तें वरवर दिसतें त्याहून खोल आहे. 'जुनें तें सोनें' एवढाच त्यांचा आधार असता, तर तो आम्ही दोन वाक्यांत वासलात लावून टाकला असता. परंतु त्यांतील जाणते लोक निराळीच गोष्ट सांगतात. यंत्र म्हणजे सुट्या भागांची पोतडी नव्हे, तो अनेक तडजोडींचा करार आहे. सांगाडा किती ताठ असावा हें टायर रस्त्याला किती घट्ट धरतो त्यावरून ठरलें. टायर किती धरतो त्यावरून ब्रेकचें बळ ठरलें. मान किती अंशांनीं कलती ठेवावी हें चाकाच्या उंचीवरून ठरलें. वळण्याचा आंस जमिनीला जेथें मिळतो, त्याच्या किंचित् मागें चाकाचा स्पर्श पडावा लागतो. त्या चार-पांच बोटांच्या अंतरावर गाडीचें सरळ चालणें अवलंबून असतें. नवा फोर्क आंखूड आणि नवें चाक लहान, म्हणून गाडीचें तोंड खालीं जातें, मान उभी होते व तें अंतर घटतें. उलट नव्या फोर्कला धरणारे वरचे-खालचे पूल स्वारापासून पुढें कमी झुकलेले असतात, त्यामुळें तें वाढतें. ह्या वजाबाकी-बेरजेचा हिशेब ज्यानें मांडला नाहीं, त्याची गाडी वेगांत हात झटकूं लागते. शिवाय, नवा ब्रेक जो जोर मागतो तो शेवटीं जुन्या सांगाड्याच्या मानेवरच येतो, आणि त्या मानेच्या नळ्या ह्या ओझ्यासाठीं वळविलेल्या नव्हत्या. करारांतील एक कलम बदललें कीं बाकीचीं कलमें खोटीं पडतात, असें हे लोक म्हणतात. आणि येथपर्यंत त्यांचें म्हणणें खोडून काढणें आम्हांस शक्य दिसत नाहीं.

परंतु ह्यावरून यंत्राला हातच लावूं नये असा निष्कर्ष ते काढतात, तो मात्र निघत नाहीं. निघतो तो एवढाच, कीं अर्धवट हात लावूं नये. ज्याला ब्रेक बदलावयाचा आहे, त्यानें मानेचा विचार केलाच पाहिजे.

आणि 'मूळ' म्हणजे काय? टायर झिजतो, साखळी ताणते, तेल काळें पडतें. १९६९ चा टायर आज चाकावर ठेवणारा मनुष्य निष्ठावान् नव्हे, अविचारी होय. रबर तोंपर्यंत लांकूड झालेलें असतें. जगन्नाथपुरीस अधिक आषाढाच्या योगावर देवांच्या काष्ठमूर्ति नव्या घडवितात. १९९६ व २०१५ सालीं हा नवकलेवराचा विधि झाला. सारी मूर्ति बदलते, एक ब्रह्मपदार्थ तेवढा जुन्यांतून नव्यांत नेला जातो, आणि भक्तास देव तोच असतो. मोटारसायकलीचा ब्रह्मपदार्थ कोणता, हें मात्र कोणीं ठरविलेलें नाहीं. सरकार म्हणेल, सांगाड्यावर ठोकलेला नंबर. मालक म्हणेल, इंजिनाचा आवाज. शेजारी म्हणतील, टाकीचा आकार, कारण लांबून ओळखूं येते ती तेवढीच. आमचा कल मालकाकडे आहे, तरी सरकारचें उत्तर कज्जेदलालीस अधिक सोयीचें, हें कबूल केलें पाहिजे.

सुधारकांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा एका मृत्यूंत आहे. टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून ओळखतें, तो १९३५ च्या मे महिन्यांत इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत आपल्या ब्रफ सुपीरियर गाडीवरून पडला व सहा दिवसांनीं वारला. मार डोक्याला होता आणि डोक्यावर कांहीं नव्हतें. त्याच्या उपचारास आलेल्या वैद्यांपैकीं ह्यू केर्न्स या मेंदूच्या शस्त्रवैद्यानें पुढें स्वारांच्या अशा इजांचा अभ्यास केला, १९४१ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि शिरस्त्राणाची उपयुक्तता सिद्ध झाली. आतां आम्ही सनातन्यांस विचारतों: तुम्ही जुन्या गाडीवर बसतांना आजचें शिरस्त्राण घालतां कीं नाहीं? घालतां. मग स्वाराच्या डोक्याला जें नवें ज्ञान लागू पडतें, तें गाडीच्या चाकाला कां पडूं नये? रस्ता तर १९३५ चा उरलेला नाहीं. पुढची मोटार जागच्याजागीं थांबते आणि मागून आपण जुन्या ड्रम ब्रेकवर येतों. त्या मोटारींतील माणसांनीं आपल्या इतिहासप्रेमाची किंमत काय म्हणून द्यावी? मागच्या आसनावर बसलेल्या बायकोनें किंवा मुलानें तरी कां द्यावी? हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाहीं, हें येथें स्पष्ट होतें.

तथापि लॉरेन्सची तीच गाडी आज शिल्लक आहे, आणि तिला कोणी नवीन ब्रेक बसवूं लागला तर त्याचा हात धरावा असेंच आम्हांस वाटतें. हा विरोध नव्हे. त्या जातीच्या एसएस १०० गाड्या १९२४ ते १९४० ह्या काळांत सुमारें ३८० च झाल्या. त्यांतील प्रत्येक गाडी ही त्या काळच्या कारागिराचा कबुलीजबाब आहे, आणि लॉरेन्सची गाडी तर एका घटनेची साक्षीदार आहे. साक्षीदाराची जबानी कोणी सुधारीत नाहीं. लाखांनीं निघालेल्या होंडाची गोष्ट निराळी. तेथें एका मालकानें फोर्क बदलला म्हणून पुढल्या पिढीला मूळ फोर्क कसा होता हें कळेनासें होणार नाहीं. आणि त्याच होंडाच्या अगदीं आरंभींच्या कांहीं हजार गाड्या, ज्यांच्या इंजिनाचीं कवचें पुढील गाड्यांहून निराळ्या, खडबडीत ओतकामाचीं आहेत, त्या पुन्हां पहिल्या वर्गांत जातात. म्हणजे हक्क मालकीच्या कागदावर नव्हे, तर त्या जातीच्या किती गाड्या उरल्या आहेत यावर मोजावयाचा. आपली वस्तु, आपली मर्जी, हें तत्त्व आपल्या पैठणीलाहि आपण लावीत नाहीं; आजीची पैठणी कापून पडदे शिवणाऱ्या सुनेस कायदा कांहीं म्हणत नसेल, पण घर म्हणतेंच.

ह्यांतच दुसरा भेद आहे, आणि आमच्या मतें तो व्यवहारांत अधिक उपयोगाचा. नट-बोल्टानें बसविलेला भाग उद्यां काढतां येतो. करवतीनें कापलेली नळी परत वाढत नाहीं. होंडाच्या मानेंतील मूळची दांडी नव्या पुलांत दाबून बसविली किंवा मधल्या मापाचीं बेअरिंगें घातलीं, तर सांगाड्यास धक्का न लागतां काम होतें. उलट मान बळकट करण्यासाठीं पत्रे वेल्डिंगनें चिकटवावे लागले, तर तेथून माघार कठीण. जो मूळचे भाग तेल लावून, फडक्यांत गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवतो, तो मागच्या कारागिरास व पुढल्या मालकास दोघांसहि जाब देऊं शकतो. जो ते भंगारांत विकतो, त्याच्या रसिकतेविषयीं आम्हांस शंका आहे.

विकण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. बदललेली गाडी 'मूळची' म्हणून खपविणें हा लबाडपणा आहे, मग बदल कितीहि सुंदर असो. त्यावर अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

आपल्या देशांत कायद्यानें ह्या वादांत एक चमत्कारिक निवाडा दिलेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, कारखानदारानें ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास आडकाठी करतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि तेंच बजावलें. पुढें २०२१ सालीं ५० वर्षांवरील, मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. त्यांच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात. पण अशी गाडी नित्याच्या ये-जा करण्यास वापरावयाची नाहीं. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर यावयाची. म्हणजे सरकारनें तिला मान दिला आणि रस्ता काढून घेतला. घरांतील वृद्धांस आपण कधीं कधीं असेंच वागवितों.

आमच्या इकडे हा प्रश्न बहुधा बुलेटच्या रूपानें येतो. इंग्लंडांतील रेडिच गांवची ही गाडी १९५५ पासून मद्रासेस बनूं लागली, आणि तिच्या मूळ घरचा कारखाना बंद पडल्यावरहि येथें बनतच राहिली. गिअर उजव्या पायांत, ब्रेक डाव्या पायांत. नव्या गाड्यांत नेमकें उलट. वडिलांची बुलेट मुलाकडे येते आणि मुलाचे पाय दुसरी भाषा शिकलेले असतात. घाटांत अवचित म्हैस आडवी आली म्हणजे पाय विचार करीत नाहीं, संवयीनें चालतो, आणि ब्रेक समजून गिअर दाबतो. अशा वेळीं डिस्क ब्रेक लावूं नका, ती वडिलांची आठवण आहे, असें मुलास सांगणाऱ्याची आठवणीची कल्पनाच कांहीं तरी चुकली आहे असें आम्हांस वाटतें. मात्र नुसत्या रुबाबासाठीं शर्यतीच्या गाडीचा जाड फोर्क लावून मागें जुनाच ड्रम ठेवणारेहि आम्हीं पाहिले आहेत. त्यांना ना वडिलांची गाडी मिळाली, ना शर्यतीची.

ज्या इंग्लंडांत ह्या छंदाचा उगम झाला, तेथील एक गोष्ट सांगावयाची राहिली. नॉर्टन कंपनीनें १९५० सालीं मॅकॅन्डलेस बंधूंनीं आंखलेला 'फेदरबेड' सांगाडा आणला. तसा स्थिर सांगाडा तेव्हां दुसरा नव्हता. त्या काळीं ५०० घनसेंटिमीटरांच्या छोट्या शर्यती मोटारींना नॉर्टनचें इंजिन हवें असे, आणि कंपनी तें सुटें विकीत नसे. म्हणून लोक सबंध गाडी घेत, इंजिन काढीत आणि सांगाडा टाकून देत. त्या अनाथ सांगाड्यांत तरुण कारागिरांनीं ट्रायम्फचें दोन सिलिंडरांचें इंजिन बसविलें, आणि 'ट्रायटन' ही संकरज जात जन्मास आली. दोन्ही कंपन्यांच्या अभिमान्यांस ती तेव्हां व्यभिचार वाटली असेल. आज मात्र त्या काळची खरीखुरी ट्रायटन स्वतःच जुनी व आदरणीय झालेली आहे, आणि तिच्यावर हल्लींचा फोर्क लावूं नये म्हणून हळहळणारे लोक निघाले आहेत. एकाद्यानें उद्यां अशी एक ट्रायटन घेतली, ती उलगडून तिची एक शुद्ध नॉर्टन व एक शुद्ध ट्रायम्फ करावयाचें मनांत आणलें, आणि लागणारे बाकीचे मूळ भाग त्याला मिळालेहि, तर तो जीर्णोद्धार होईल कीं मोडतोड? त्यानें तें काम करूं नये, असेंच आम्ही त्याला सांगूं.